गुदामाच्या भिंतीवरची बाग

अकोल्यात जठारपेठेजवळ म्युनसिपाल्टीचं एक मैदान होतं. चारी बाजूंनी कडुलिंब, मधे गवत, अन एका अंगाला म्युनसिपाल्टीच्या गुदामाची लांबच लांब काळी भिंत. ही भिंत गावाच्या कोणत्या कामी येत होती ते तिच्या वासावरून कळायचं. बाकी मैदान मोठं गुणी. सकाळी तिथे पेन्शनर फिरायचे, दुपारी ढोरं बसायची, संध्याकाळी पुढारी बोलायचे, अन वर्षातून एकदा पोळा भरायचा.

म्युनसिपाल्टीचे अध्यक्ष उत्तमराव देशमुख यांना रावबहादूर व्हायचं होतं. हे त्यांनी कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण गावात ते माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. त्या वर्षी अमरावतीला बसणारे कमिशनरसाहेब अकोल्याचा पोळा पाहायला येणार असं कळलं, अन उत्तमरावांनी मैदानाची बाग करायचं काढलं. साहेब लोकांना फुलं आवडतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

आधी गुलाबाची कलमं लावली. ती बकऱ्यांनी खाल्ली. मग झेंडू लावला. तो गाईंनी खाल्ला. मग एक मेंबर म्हणाले, कण्हेर लावा, कण्हेरीला ढोर तोंड लावत नाही. ते खरं निघालं. कण्हेर कोणी खाल्ली नाही, एक म्हैस तिच्यावर बसली.

तेव्हा भर मीटिंगमध्ये उत्तमरावांचं डोकं चाललं. ते म्हणाले, "आता मी अशी फुलं लावतो का अकोल्यातलं एकबी ढोर त्याले तोंड लावनार नाही. गुदामाच्या भितीवर रंगवून टाकू." मेंबर लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. ठराव एकमतानं पास झाला, अन तो फिरून वाचून दाखवायचीही कोणाला गरज वाटली नाही.

रंगवायचं कोणी, हा प्रश्न नव्हता. म्युनसिपाल्टीच्या शाळेत चिंतामण मास्तर ड्रॉइंग शिकवत. हाताला धरून शिकवत, म्हणून पोरांच्या वह्यांमधले मडके, आंबे अन कंदील सगळे मास्तरांचेच असत. स्वतःचं म्हणून त्यांनी आजवर वहीच्या पानापेक्षा मोठं काही काढलं नव्हतं. मास्तर टेंपरवारी होते. उन्हाळ्याची सुटी लागली की त्यांना घरी पाठवत, अन पावसाळ्यात शाळा उघडली की परत बोलावत. असं कैक वर्षं चाललं होतं. मास्तरांना त्याची सवय झाली होती, त्यांच्या सासऱ्यांना झाली नव्हती.

सासरे म्हणजे अमरावतीचे उद्धवराव वकील. मागच्या दिवाळीला त्यांनी आपल्या लेकीला, चारुशीलेला, माहेरी नेलं अन ठेवूनच घेतलं. मास्तर आणायला गेले तर वकिलांनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं, चहा पाजला अन शांतपणे सांगितलं, "जावईबापू, उन्हाळ्यात तुमची नोकरीच माहेरी जाते. मग बायको गेली तर काय बिघडलं? कायम व्हा, अन सुखानं घेऊन जा." चारुशीला दाराआड उभी होती. मास्तर निघताना तिनं त्यांच्या हातात लोणच्याची बरणी दिली, अन बरणी वर्षभर पुरेल एवढी मोठी होती. त्यावरून मास्तर काय समजायचं ते समजले.

तर उत्तमरावांनी मास्तरांना बोलावलं अन भिंत दाखवली. म्हणाले, "मास्तर, भीत साहेबाच्या डोयात भरली पाह्यजे. ते भरली का तुमी कायम." मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. एवढी मोठी जागा त्यांना जन्मात कोणी दिली नव्हती. त्यांनी नाकाला उपरणं लावलं अन हो म्हटलं.

मग कोणती फुलं काढायची यावर मेंबरांमध्ये जुंपली. उत्तमरावांना कमळ पाहिजे होतं, कारण कमळाला इभ्रत आहे. कास्तकार मेंबर म्हणाले, कमळ कोणाच्या वावरात पिकते? कपाशीचं फूल काढा. एक वकील मेंबर जास्वंदीवर अडून बसले, त्यांच्या घरी गणपतीचं मोठं होतं. मुसलमान मेंबरांनी सभ्यपणे गुलाब सुचवला, दुसऱ्या एकानं झेंडू. एकाला वाटलं साहेबासाठी विलायती फूल पाहिजे. विलायती फूल कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून बिस्किटाचा एक डबा आणून त्याच्या झाकणावरचं मंजूर केलं. मास्तर प्रत्येकाला हो म्हणत गेले. हो म्हणणं हा टेंपरवारी माणसाचा कायमचा धंदा असतो.

राहिला रंग. मास्तरांनी भीतभीत सांगितलं की तेलाचा रंग मुंबईहून मागवावा लागेल. उत्तमरावांना हसू आलं. मुंबई काहून? त्यांच्या हिवरखेडच्या बैठकीची भिंत पणजोबांनी रंगवली होती, ती अजून नखानं खरवडून निघत नव्हती. रीत साधी. चुना भिजवायचा, त्यात गूळ घालायचा, मीठ घालायचं, अन सरकीच्या ढेपेचं पाणी टाकून घोटायचं. सरकीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप. बैलांची खायची वस्तू. बैल तिच्यासाठी दावं तोडतात.

मीटिंगमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या घरी बैलजोडी होती. चार-चार पिढ्या ढोरांत गेलेली ही माणसं. कोणी काही बोललं नाही. उलट एक जण म्हणाला, "ढेप चांगली घ्या बरं मास्तर, कुचट नका घेऊ."

हिवरखेडची ती बैठक माडीवर होती अन बैल माडीवर चढत नाहीत, हे उत्तमरावांच्या ध्यानात आलं, पण ते नंतर.

श्रावणात उघडीप पाहून मास्तरांनी काम धरलं. पंधरा वर्षांचा वास आधी खरवडून काढला. मग पांढऱ्या चुन्याचा हात दिला, अन त्यावर गेरू, पिवडी, नीळ अन काजळीचे रंग त्या गुळमट पाण्यात कालवून फुलं काढायला बसले. दोन दिवसांत तिथे गर्दी व्हायला लागली. पेन्शनर फिरायचे थांबून उभे राहायला लागले. दुपारी बसणारी ढोरंही जरा जवळ सरकून बसायला लागली. मास्तरांना वाटलं, मुक्या जनावरालाही कळते.

बायका यायच्या. त्यात गोदाबाई रोज यायची. ही जानरावची आई. जानराव म्हणजे मैदानाच्या पलीकडेच घर असलेला कास्तकार. पोळ्याचं तोरण तोडायचा पहिला मान त्याच्या बैलाचा, अन त्या बैलाचं नाव नवाब. घरात मात्र सत्ता गोदाबाईची, नवाबावरही अन जानराववरही. ती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची अन विचारायची, "मास्तर, या कपाशीले बोंड कवा धरन?" मास्तर हसायचे. जानराव मागून म्हणायचा, "मा, त्याईनं डवरा कुठं मारला आजून. पह्यले निंदन तं होऊ दे." लोक हसायचे, पण जायचे नाहीत. मास्तरांच्या कामाची अशी थट्टा कोणी कधी केली नव्हती. ते थट्टा झेलत, अन रात्री खोलीवर एकटं जेवताना आठवून पुन्हा हसत.

सगळ्या मेंबरांची फुलं झाल्यावर भिंतीच्या शेवटच्या टोकाला हातभर जागा उरली. तिथे मास्तरांनी कोणाला न विचारता गोकर्णाचा वेल काढला. जठारपेठेतल्या त्यांच्या खोलीच्या नळापाशी चारुशीलेनं गोकर्ण लावला होता. निळा रंग त्यांनी पाच वेळा पुसला अन सहाव्यांदा जमला. एका मेंबरनं विचारलं हे कोणाचं फूल? मास्तर म्हणाले, माझ्या घरचं. एवढं उलट उत्तर त्यांनी म्युनसिपाल्टीत पहिल्यांदाच दिलं.

मग त्यांनी अमरावतीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर चारुशीलेला निरोप धाडला की पोळ्याला या, मामाजींनाही आणा, साहेब येणार आहेत. साहेब येणार म्हटल्यावर मामाजी लेकीला नाही म्हणणार नाहीत, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे शेकले. हळद-तूप लावलं, अन रीतीप्रमाणे बैलांच्या कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैलांनी आवतन घेतलं.

पोळ्याचं तोरण दरवर्षी रस्त्याकडच्या कडुलिंबाला बांधत. त्या वर्षी उत्तमरावांनी हुकूम सोडला की तोरण भिंतीपाशी बांधा. समोर मांडव, मांडवात साहेब, साहेबासमोर बैल, अन बैलांमागे फुलं. फोटोवाला अमरावतीहून बोलावला होता, त्यालाही हे पटलं. मास्तरांना फार बरं वाटलं. सकाळी एक बारीकशी भुरभुर येऊन गेली, तिनं भिंत नुसती ओलसर झाली अन रंग आणखी खुलले. वासही खुलला. माणसांना तो आला नाही.

दुपारी बैल आले. शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. सकाळपासून धुवून, सजवून, मिरवून उपाशी होते. पुरणपोळी तोरण तुटल्यावर घरी गेल्यावर मिळते. एकेक जोडी तोरणाखाली उभी राहिली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग भरली. साहेब आले, मांडवात बसले. उत्तमराव त्यांच्या बाजूला, नवा फेटा बांधून. चिंतामण मास्तर खांबाआड उभे. अमरावतीची गाडी बडनेऱ्याला अडकली होती, त्यामुळे मामाजी अन चारुशीला अजून पोचले नव्हते.

झडत्या सुरू झाल्या. पोळ्याला तोरणाखाली एकानं एक कवन म्हणायचं, दुसऱ्यानं त्यावर चढ करायचा, अन सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. जानरावनं पहिली झडती टाकली. गजर झाला. त्या गजरात नवाबनं मान उचलली. नाकपुड्या फुगवल्या. अन सावकाश, मानाच्या बैलाला शोभेल असा, तो पूर्ण मागे वळला.

त्यानं आधी झेंडू हुंगला. मग जीभ बाहेर काढली, अन खालपासून वरपर्यंत एक हात फिरवला. झेंडू गेला.

नवाबचं पाहून त्याचा जोडीदार वळला. त्याचं पाहून पुढची जोडी. घुंगरं वाजत गेली अन रांगेतला बैलामागे बैल फिरत गेला. मांडवातून पाहणाऱ्याला आधी शिंगं दिसत होती, आता शेपट्या दिसायला लागल्या. साहेबांसमोर झुली घातलेले सगळे पुठ्ठे एका रांगेत उभे होते, अन पलीकडून चाटल्याचा असा आवाज येत होता जसा पंगतीत मठ्ठा वाढल्यावर येतो.

मास्तर खांबाआडून धावले. जानरावला म्हणाले, "जानराव, आवरा हो. ओढा त्याला."

जानरावनं दोर हातात धरला होता, पण तो ढिलाच. "मास्तर, आज पोया हाय. आज त्याले ओढाचं नाही, मारावचं नाही, वंगाय बोलाचं नाही. वर्सभर तो आपलं आयकते, आज आपून त्याचं आयकाचं."

"अहो पण माझी भिंत."

"उद्या सांगा ना. उद्या पाह्यजे तं तुमच्या समोर दोन रट्टे देतो त्याले."

मास्तर दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्यानंही दोर ढिला सोडून हेच सांगितलं. तिसऱ्याला तर वाईट वाटून डोळ्यात पाणी आलं, पण त्यानंही बैलाला हात लावला नाही. मास्तरांनी बंदोबस्ताच्या जमादाराला हात जोडले. जमादारानं काठी उचलली. समोरून गोदाबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं नुसतं त्या काठीकडे पाहिलं. जमादारानं काठी बगलेत धरली अन तो पावसापाण्याचं बोलायला लागला. त्याच्याही घरी बैल होते.

मग गोदाबाई मास्तरांना म्हणाली, अन रागानं नाही, समजावून म्हणाली, "मास्तर, काल आमी त्याईले आवतन देल्लं. आता जेवाले बसले तं पानावरून उठवता का? तुमच्या घरी असं करता का पाव्हन्याले?"

मास्तरांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव मांडवाच्या तोंडाशी येऊन उभे होते. त्यांचं कमळ खाल्लं जात होतं. खाणारी जोडी त्यांच्याच गोठ्यातली होती. त्यांनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, अन फेटा काढून पुन्हा डोक्यावर ठेवला.

जास्वंद गेली. गुलाब गेला. विलायती फूल दोन बैलांनी मिळून संपवलं. कपाशीवर मात्र गर्दी झाली, कारण पिवळा रंग बसावा म्हणून मास्तरांनी तिथे ढेप जास्त घातली होती. मास्तर धावत शेवटच्या टोकाला गेले अन गोकर्णाच्या वेलासमोर हात पसरून उभे राहिले. एक तांबडा बैल आला. त्यानं मास्तरांकडे फार सभ्यपणे पाहिलं. मास्तर त्याला म्हणाले, "हे नको रे बापा. बाकी सगळं खा." बैलानं त्यांच्या खांद्यावरून मान घातली. मास्तरांना त्याला ढकलता येत नव्हतं, कारण सगळा गाव पाहत होता अन दिवस पोळ्याचा होता. ते त्याला पाठीनं अडवत राहिले. बैल त्यांच्या कानाजवळून, बगलेखालून, जिथून वाट मिळेल तिथून जीभ घालत राहिला. वेल पुसला, सदरा चाटला, मास्तरांचा कानही चाटला. कानालाही रंग लागलेला असावा.

अशा वेळी उद्धवराव वकील लेकीला घेऊन टांग्यातून उतरले.

इकडे साहेबांनी उत्तमरावांना जवळ बोलावून विचारलं की हे काय चाललं आहे. रागानं नाही विचारलं. हा साहेब कमिशनर होण्याआधी पुष्कळ गावं हिंडलेला, अन हिंडेल तिथल्या चालीरीती टिपून ठेवायचा शौकीन होता. फुलं रंगात काय घालून काढली, हेही त्यानं विचारलं. उत्तमरावांनी घाबरून खरं सांगितलं, गूळ, मीठ अन ढेप. साहेब खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, म्हणजे पोळ्याला बैलांसाठी भिंतीवर गोड फुलं काढायची अन ती त्यांना खाऊ घालायची, अशी तुमच्याकडे रीत आहे तर. किती जुनी?

उत्तमरावांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आता एक हिरवट राखाडी ओल होती. मग त्यांना रावबहादूरकी दिसली.

"लय जुनी, साहेब," ते म्हणाले. "आमच्या पणज्याच्याबी आधीची."

साहेबांनी उभं राहून सांगितलं की ही रीत त्यांना फार आवडली, इतर कोणत्या जिल्ह्यात त्यांनी ही पाहिली नाही, अन म्युनसिपाल्टीनं ती दरवर्षी पाळावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैल खातच होते.

साहेबांनी कारागिराला बोलवा म्हटलं. मास्तरांना तसंच, निळ्या सदऱ्यानिशी, आणून उभं केलं. मास्तर बोलायला लागले, "साहेब, अशी काही रीत नाही. ही माझी बाग होती. ही चुकून..." तेवढ्यात उत्तमरावांनी त्यांच्या पायावर जोडा ठेवला अन गळा साफ करून साहेबांना सांगितलं की हे मास्तर या रीतीचे जाणकार आहेत, म्युनसिपाल्टीनं त्यांना आजपासून कायम केलं आहे.

ज्या शब्दासाठी मास्तरांनी इतके पावसाळे काढले होते तो असा टाळ्यांच्या गडबडीत येऊन पडला, अन आता त्याला नाही म्हणायचं तर समोर मामाजी उभे होते. उद्धवराव गर्दीतून वाट काढत आले, जावयाच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला, हात लगेच रुमालाला पुसला, अन आजूबाजूच्यांना सांगितलं, "आमचे जावई. कायम आहेत."

चारुशीला एकटी भिंतीपाशी गेली होती. गर्दी मांडवाकडे सरकली तसे मास्तर तिच्यापाशी आले. ती भिंत पाहत होती. पाहण्यासारखं काही नव्हतं. वर, बैलांचं तोंड जिथे पोचलं नाही तिथे, नुसती पानांची टोकं अन देठ लोंबत होते.

"अहो, काय काय होतं इथे?" तिनं विचारलं.

मास्तर सांगायला लागले. इथे झेंडू होता. इथे जास्वंद, वकील मेंबरांची. हे कमळ, ते नीट नव्हतं जमलं, पान मोठं झालं होतं. इथून इथपर्यंत कपाशी, पिवळी अन मधे मधे गुलाबी, कारण दुसऱ्या दिवशी ते फूल गुलाबी होते. ते भिंतीवर बोट ठेवत चालत होते, ती बरोबर चालत होती. शेवटच्या टोकाशी आल्यावर ते थांबले. तिनं त्यांच्या सदऱ्यावरची निळाई पाहिली. पदरानं त्यांचा कान पुसला.

"चला घरी," ती म्हणाली. "मी ट्रंक आणली आहे."

त्यामुळे चिंतामण मास्तरांचं वाईट झालं असं कोणाला म्हणता येईना. बायको घरी आली. पगार उन्हाळ्यातही यायला लागला. उत्तमरावांना रावबहादूरकी मिळाली नाही, नुसती रावसाहेबी मिळाली, ती त्यांनी रावबहादूरकीसारखी वापरली. मास्तरांच्या नोकरीत एकच जास्तीचं काम जोडलं गेलं. दर श्रावणात गुदामाची भिंत रंगवायची.

पुढच्या वर्षी मास्तर उत्तमरावांकडे गेले. म्हणाले, खालची अर्धी भिंत बैलांना ठेवा, पण वरच्या अर्ध्या भागात तेलाच्या रंगानं मला काहीतरी टिकणारं काढू द्या. उत्तमरावांना हे ऐकून खरोखरच धक्का बसला. "मास्तर, रीत मोडता का? साहेबानं पाळा म्हणून सांगतलं." मास्तर म्हणाले, रावसाहेब, तुम्हाला तर ठाऊक आहे, मागच्या वर्षी आपणच... उत्तमराव म्हणाले, आपण नुसती सुरू केली असेल, पण रीत आधीपासूनची होती. अन हे त्यांनी डोळ्याला डोळा देऊन म्हटलं. त्यांचा आता तसा विश्वास बसला होता.

मग मास्तर गोदाबाईकडे गेले. तिला विचारलं, आजी, तुम्ही एवढी वर्षं इथे राहता, या भिंतीवर कधी फुलं पाहिली होती का? गोदाबाईनं थोडा विचार केला. म्हणाली, "माही सासू सांगे. तिच्या लहानपनी लय मोठी फुलं काढत. आता तशे कारागीर नाही राह्यले." गुदाम बांधूनच मुळी पंधरा-सोळा वर्षं झाली होती. मास्तरांनी पाणी मागितलं, पिऊन परत आले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी भिंतीच्या वरच्या पट्टीत, बैलांच्या तोंडाच्या वर, जाईचा एक वेल काढायचा प्रयत्न केला. शिडी लावून दोन दिवस काम केलं. पोळ्याला बैल माना उंच करून करून दमले. दुसऱ्या दिवशी कास्तकार मंडळी अर्ज घेऊन म्युनसिपाल्टीत आली की मास्तर फुलं वर वर काढून राहिले, आमचे बैल उपाशी घरी गेले. उत्तमरावांनी मास्तरांना बोलावून प्रेमानं समज दिली. तेव्हापासून मास्तर शिडी आणत नाहीत.

आता दर्यापूरकडूनही लोक बैल घेऊन यायला लागले आहेत. या भिंतीचं चाटलं की बैल वर्षभर लंगडत नाही, असं तिकडे कोणीतरी सांगितलं. चारुशीला पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारी डबा घेऊन मैदानात येते अन झाडाखाली बसते. मास्तर काढत असतात तेव्हा ती प्रत्येक फूल नीट पाहून घेते. मास्तर पहिल्यापेक्षा बरे काढतात असं तिला वाटते. कमळाचं पान आता मोठं होत नाही. गोकर्ण त्यांनी परत काढला नाही, अन तिनंही कधी काढा म्हटलं नाही.

परवा, खांदशेकणीच्या संध्याकाळी, मास्तर कपाशीच्या शेवटच्या फुलाला हात देत होते. पिवळ्यात गुलाबी मिसळत कसं जायचं ते त्यांना आता कुठे उमजलं होतं. ब्रश थांबवून ते दोन पावलं मागे सरले अन पाहत राहिले. असं फूल त्यांना आजवर जमलं नव्हतं. तेवढ्यात जानराव नवाबला घेऊन आला. हळद लावलेल्या खांद्यानं नवाब पुढे झाला, त्यानं त्या फुलाच्या कडेला जिभेचं टोक लावलं, क्षणभर थांबला अन तोंड फिरवलं.

जानरावनं स्वतः बोट लावून चव घेतली. "मास्तर," तो म्हणाला, "औंदा मीठ कमी पडून राह्यलं."

मास्तरांनी फुलाकडे पाहिलं, नवाबकडे पाहिलं. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवला अन ते मीठ आणायला गेले.